मालक कोण, कारभारी कोण : ख्रिस्ती परंपरेतील मालमत्तेचा विचार

पृथ्वी आणि तिच्यावरचे सर्व काही देवाचे आहे. माणसाकडे ते काही काळ सांभाळायला दिले आहे. आणि या सांभाळाचा हिशोब त्याला एक दिवस द्यायचा आहे. ख्रिस्ती परंपरेतील मालमत्तेचा सगळा विचार या तीन विधानांवर उभा आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट यांपैकी कोणीच ती नाकारलेली नाहीत. वाद त्यानंतर सुरू होतो. सांभाळायला मिळालेल्या वस्तूला ‘माझी’ म्हणता येते का, हा पहिला प्रश्न. त्याला बहुतेकांनी ‘येते, पण’ असे उत्तर दिले आणि त्या ‘पण’चा खुलासा करण्यात पिढ्या गेल्या. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. हिशोब देवाला द्यायचा हे खरे. पण या जगात देवाच्या वतीने तो मागायचा कोणी? ज्याच्या त्याच्या मनाने, मंडळीने, की राज्यसत्तेने? यावर एकमत कधीच झाले नाही, आणि या विषयाचा इतिहास बव्हंशी याच मतभेदाचा इतिहास आहे.

विचाराची मुळे यहुदी धर्मशास्त्रात आहेत. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा २५ वा अध्याय जमिनीचा कायदाच सांगतो. इस्राएलातील प्रत्येक कुळाला वाट्याला आलेली जमीन कायमची विकता येत नाही, कारण ती देवाची आहे आणि इस्राएली लोक तिच्यावर राहणारे उपरे आहेत, अशी त्याची भूमिका. सात सात वर्षांची सात आवर्तने झाली, की पन्नासावे वर्ष योबेलाचे. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जायची आणि कर्जापायी गुलाम झालेला माणूस घरी जायचा. जमिनीची किंमत ठरवण्याची रीतही तिथेच दिली आहे : पुढच्या योबेलापर्यंत किती पिके निघतील ते मोजायचे आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. चाळीस पिके उरली असतील तर भाव जास्त, चारच उरली असतील तर कमी. थोडक्यात, विक्री म्हणून जे व्हायचे तो मुदतीचा खंड होता. तटबंदीच्या शहरातील घराला मात्र हा नियम लागू नव्हता. ते वर्षभरात सोडवून घेतले नाही, तर कायमचे घेणाऱ्याचे. पोट भरणारे शेत आणि डोक्यावरचे छप्पर यांत हा कायदा फरक करत होता. योबेल पूर्णांशाने अमलात आल्याचा दाखला जुन्या करारात सापडत नाही; पण न पाळलेल्या कायद्यानेही पुढच्या विचारावर किती पकड ठेवावी, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच्या जोडीला लहान लहान नियम आहेत. कापणी करताना शेताचे कोपरे सोडायचे, हातून पडलेली कणसे उचलायची नाहीत. ती गरिबांची आणि परक्यांची. मवाबातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सातू वेचते, ती याच हक्काने. तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, मात्र दिवसभर उन्हात वाकावे लागते. दुसऱ्याच्या शेताची हद्द सरकवणे हा शापाला पात्र असा गुन्हा आहे. चोरी करू नको आणि शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको, या दोन आज्ञा दहा आज्ञांत आहेत. म्हणजे एकाच ग्रंथात मालकीला कुंपणही घातलेले आहे आणि त्या कुंपणात गरिबासाठी वाटही ठेवलेली आहे.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा या संदर्भात फार वापरली गेली. अहाब राजाला राजवाड्यालगतचा तो मळा भाजीपाल्यासाठी हवा होता. त्याने बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. आजच्या भूसंपादनाच्या मानाने हा प्रस्ताव उदारच म्हणायचा. वाडवडिलांचे वतन विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. मग ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमाराने ठार करवले आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला. तिथे एलीया संदेष्टा त्याच्या वाटेत उभा राहिला. खासगी मालकीचे समर्थक या कथेत राजसत्तेविरुद्धचा हक्क पाहतात. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याच कथेवर लिहिताना अहाबाच्या जागी आपल्या काळचे जमीनदार उभे केले. कथा एक, आरोपी दोन.

नव्या करारात जमिनीचा कायदा मागे पडतो आणि माणसाच्या मनावरची संपत्तीची पकड पुढे येते. येशूच्या दाखल्यांत कारभारी वारंवार भेटतो. धन्याने सोपवलेले पैसे वाढवणारे चाकर आणि ते जमिनीत पुरून ठेवणारा चाकर मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत. हिशोबाची वेळ येताच धन्याच्या देणेकऱ्यांची खाती कमी करून देणारा लबाड कारभारी लूकमध्ये आहे. धन्याने त्या लबाडाचे कौतुक का करावे, हे टीकाकारांना आजही धड सांगता आलेले नाही. कोठारे मोडून मोठी बांधायला निघालेला श्रीमंत शेतकरी त्याच रात्री मरतो. श्रीमंत तरुणाला येशू सगळे विकून गरिबांना द्यायला सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. जकातदार जक्कय मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो, आणि उरलेले त्याच्याकडे राहू देण्यात येशूला अडचण दिसत नाही. एकाला सगळे, दुसऱ्याला अर्धे : या विसंगतीतून पुढे भिक्षूंसाठी वेगळा आणि संसारी माणसांसाठी वेगळा असा दुहेरी दंडक निघाला.

यरुशलेममधील पहिल्या मंडळीविषयी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात म्हटले आहे, की विश्वासणाऱ्यांचे सगळे समाईक होते. जमिनी-घरे असणारे ती विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवत आणि ज्याला जशी गरज, तसे वाटप होई. बर्णबाने आपले शेत असेच विकले. लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे येते. त्यांनी जमीन विकली, काही रक्कम मागे ठेवली आणि सगळी दिली असे भासवले. त्यांना खडसावताना पेत्राने सांगितले, की विकण्यापूर्वी जमीन तुमचीच होती आणि विकल्यावर पैसेही तुमच्याच हाती होते. दोष आहे तो खोटे बोलण्याचा. समाईक मालकीच्या पुरस्कर्त्यांनी चौथा अध्याय धरला, खासगी मालकीच्या पुरस्कर्त्यांनी पाचवा, आणि दोन्ही पक्ष पवित्र शास्त्राला धरून बोलत राहिले. पौलाची रीत वेगळी होती. यरुशलेममधल्या गरिबांसाठी त्याने ग्रीक शहरांतील मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, असे सांगितले आणि एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून बरोबर विश्वासू माणसे पाठवण्याची व्यवस्था केली. ख्रिस्ती दानधर्मातील हिशोब तपासणीचा हा सर्वांत जुना दाखला म्हणता येईल.

रोमन साम्राज्यात श्रीमंत लोक मंडळीत येऊ लागले तेव्हा प्रश्न टोकदार झाला. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ‘कोणता श्रीमंत तरेल?’ या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच्या मते सोडायची आहे ती संपत्तीची आसक्ती. सगळ्यांनीच सगळे देऊन टाकले, तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? हे उत्तर श्रीमंतांना सोयीचे होते आणि म्हणून फार टिकले. चौथ्या शतकातील धर्मपित्यांचा सूर याहून कडक आहे. ३६८-६९ मध्ये कप्पदुकियात अवर्षण पडले, धान्याचे भाव चढले आणि साठेबाजांनी कोठारे बंद केली. कैसरियाचा बेसिल तेव्हा कोठारे मोडणाऱ्या त्या श्रीमंत शेतकऱ्यावर प्रवचने देत होता. नाट्यगृहात आधी येऊन बसलेल्या माणसाने सगळे नाट्यगृहच आपले म्हणावे आणि मागून येणाऱ्यांना अडवावे, तसे हे धनिक वागतात, हा त्याचा युक्तिवाद. पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्यावरच्या माणसाचा आहे, तो न देणे ही चोरीच आहे, इथपर्यंत तो गेला. बेसिल नुसता बोलला नाही. त्याने धान्यवाटप उभे केले आणि शहराबाहेर रुग्ण, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एक मोठी वसाहत वसवली. अंत्युखियात जॉन क्रिसोस्टम हेच श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या कथेवर बोलत होता. अँब्रोजने तर गरिबाला देणे म्हणजे त्याचेच त्याला परत करणे, असे म्हटले.

ऑगस्टीनचे मत या सर्वांपेक्षा थंड डोक्याचे आणि परिणामांच्या दृष्टीने अधिक दूरगामी आहे. देवाच्या कायद्याने पृथ्वी सगळ्यांची. हे शेत माझे, ते घर तुझे, हा भेद सम्राटाच्या कायद्याने होतो, असे त्याने सांगितले. संदर्भ लक्षात घेतला पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथीयांच्या मालमत्ता सरकार जप्त करत होते आणि ते तक्रार करत होते. सम्राटाने दिले ते सम्राटाने काढून घेतले तर तक्रार कसली, असा ऑगस्टीनचा सवाल होता. मालमत्तेवर राज्याचा अंमल चालतो, या सिद्धांताचा ख्रिस्ती परंपरेतला एक पहिला उपयोग असा विरोधी पंथाची मालमत्ता काढून घेण्याच्या समर्थनासाठी झाला.

मालमत्तेत त्या काळी माणसेही मोडत. बेसिलचा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, याने ३८० च्या सुमारास उपदेशक या पुस्तकावर प्रवचन करताना देवाच्या प्रतिमेची किंमत कोणत्या नाण्यात करणार, असा सरळ सवाल गुलामांच्या मालकांना केला. तो आवाज एकटा राहिला. अठराव्या शतकात अँग्लिकन चर्चच्या एका मिशनरी संस्थेला बार्बाडोस बेटावरचा कॉड्रिंग्टन हा उसाचा मळा मृत्युपत्राने मिळाला, तो गुलामांसह; आणि संस्थेने त्यांच्या श्रमावर तो १८३० च्या दशकापर्यंत चालवला. १८३८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या जेझुइटांनी जॉर्जटाऊन कॉलेजची कर्जे भागवण्याच्या गरजेपोटी २७२ गुलाम लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकले. कारभारीपणाच्या तत्त्वज्ञानाचे गोडवे गाणाऱ्या अनेक पुस्तकांत ही प्रकरणे येत नाहीत. ती आली पाहिजेत, कारण देवाच्या नावाने सांभाळलेली मालमत्ता आपोआप शुद्ध होत नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही.

सगळे सोडून देण्याचा मार्ग भिक्षूंनी धरला. २७० च्या सुमारास ईजिप्तमधील अँथनी नावाच्या तरुणाने श्रीमंत तरुणाची कथा उपासनेत ऐकली, वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली आणि पुढे वाळवंटाची वाट धरली. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीत भिक्षूला पुस्तक, पाटी किंवा लेखणीसुद्धा स्वतःची म्हणून ठेवायला मनाई आहे. मठाच्या कोठारप्रमुखाने मात्र साधी भांडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळायची. परिणाम विचित्र झाला. भिक्षू निष्कांचन राहिले आणि मठ युरोपातील सर्वांत मोठ्या जमीनदारांत जमा झाले. १५०३ च्या सुमारास रशियात यावरून उघड वाद पेटला. नील सोर्स्की म्हणाला, मठांनी गावे बाळगू नयेत. जोसेफ वोलोत्स्की म्हणाला, गावांशिवाय गरिबांना अन्न कोठून देणार? विजय वोलोत्स्कीच्या बाजूचा झाला.

पश्चिमेत या गुंत्याला सर्वांत नेमके रूप तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसने दिले. ग्रेशियनच्या ११४० च्या सुमारास तयार झालेल्या चर्चच्या कायद्याच्या संहितेत निसर्गाच्या कायद्याने सगळे समाईक आहे, हे मत नोंदलेले होते. मग खासगी मालकी पाप ठरते का? अक्वायनसने मालमत्तेचे दोन भाग केले : तिची व्यवस्था आणि तिचा उपभोग. व्यवस्था खासगी असणे योग्य, कारण माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो, प्रत्येकाकडे आपापले काम राहिल्याने गोंधळ होत नाही आणि वाटण्या स्पष्ट असल्या की भांडणे कमी होतात. तिन्ही कारणे व्यवहारातली आहेत. त्यांत मालकीचा गौरव नाही. उपभोगाच्या बाबतीत मात्र माणसाने वस्तू समाईक समजावी आणि गरजवंताला सहज द्यावी. यातून त्याने काढलेला निष्कर्ष आजही वाचणाऱ्याला थांबवतो. मरणाची वेळ आली असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर भुकेल्याने दुसऱ्याचे अन्न घेणे ही खऱ्या अर्थाने चोरीच नव्हे. संपूर्ण ख्रिस्ती परंपरेत मालमत्तेविषयीचा इतका समंजस विचार क्वचितच सापडतो.

असिसीच्या फ्रान्सिसचे अनुयायी एवढ्यावर थांबायला तयार नव्हते. १२२३ च्या नियमानुसार त्यांनी घर, जागा, काहीच आपले म्हणायचे नव्हते. पण संघ वाढला, मठ उभे राहिले, ग्रंथालये झाली. १२७९ मध्ये पोप तिसरे निकोलस यांनी तोड काढली : मालकी पोपची, फ्रान्सिस्कनांकडे केवळ वापर. ही तोड पोप बाविसावे जॉन यांना पटेना. ते कायदेपंडित होते आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता. घर वापरायला दिले तर मालकी दुसऱ्याकडे राहू शकते. पण भाकरी खाल्ली की संपते, मग भिक्षू खातो त्या भाकरीची मालकी पोपकडे राहते म्हणजे नेमके काय राहते? १३२२ मध्ये त्यांनी ती मालकी नाकारली आणि पुढच्या वर्षी ख्रिस्त व प्रेषित यांच्याकडे व्यक्तिशः किंवा समाईक असे काहीच नव्हते, हे मत पाखंड ठरवले. त्याआधी १३१८ मध्ये मार्सेयमध्ये कडव्या गटातील चार फ्रान्सिस्कनांना जिवंत जाळले होते. १३२८ मध्ये संघाचा प्रमुख मायकेल आणि तत्त्वज्ञ विल्यम ऑकम आव्हिन्योंहून पळाले व बव्हेरियाच्या लुडविग सम्राटाच्या आश्रयाला गेले. दारिद्र्याच्या या भांडणातून हक्क, ताबा, वापर या कल्पना इतक्या बारकाईने घासल्या गेल्या, की हक्कांच्या आधुनिक परिभाषेचा एक उगम काही इतिहासकार इथेच पाहतात.

धर्मसुधारणेने मठ बंद केले आणि हिशोबाची जागा बदलली. १५२३ मध्ये सॅक्सनीतील लाइसनिग या गावाने चर्चची सगळी मिळकत एका समाईक पेटीत जमा करण्याचा ठराव केला आणि मार्टिन ल्यूथरने त्याला प्रस्तावना लिहिली. पेटीला चार निराळी कुलुपे. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक शहरवासीयांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पाद्र्याचा पगार, शाळा, म्हातारे-निराधार, अडलेल्या कारागिराला कर्ज, सगळे त्यातून. व्यवस्था पुढे अडखळत चालली. पण कारभाऱ्याचा हिशोब कोण तपासणार याला इतके साधे, कुलूपबंद उत्तर दुसऱ्या कोणी दिले नव्हते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ खालसा केले, त्यात असा काही विचार नव्हता. जमिनी राजाकडे आणि तिथून बड्या घराण्यांकडे गेल्या.

प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथीयांपैकी काहींनी प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय शब्दशः घेतला. १५२८ मध्ये मोराव्हियात घरदार सोडून निघालेल्या एका गटाने वाटेत जमिनीवर झगा पसरला आणि जवळ होते ते प्रत्येकाने त्यावर ठेवले. त्यांचे वारस, हटराइट, आज कॅनडा आणि अमेरिकेत शेकडो वसाहतींत समाईक मालकीने शेती करतात, ट्रॅक्टर आणि अत्याधुनिक यंत्रांसह. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी केलेला प्रयोग जुलूमजबरदस्तीत आणि रक्तपातात संपला आणि ‘समाईक मालकी’ हे शब्द पुढे कितीतरी काळ बदनाम झाले. १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या साथीदारांनी लंडनजवळच्या सेंट जॉर्जेस हिल या गायरानावर गाजरे आणि घेवडे पेरून जमीन सर्वांची असल्याचे जाहीर केले. वर्षभरात स्थानिक जमीनदारांनी त्यांना हुसकावून लावले.

जॉन लॉकचा युक्तिवादही बायबलातूनच निघतो. देवाने पृथ्वी सर्व मानवांना समाईक दिली. पण माणसाचे श्रम त्याचे स्वतःचे असतात, म्हणून ज्यात तो श्रम मिसळतो ते त्याचे होते, मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. १६८९ मध्ये छापून झालेल्या या ग्रंथाने मालमत्तेला राजाच्या कायद्यापूर्वीचा हक्क बनवले. लॉकने स्वतः गरजवंताचा श्रीमंताच्या शिलकीवर हक्क मान्य केला होता. वाचणाऱ्यांनी सोयीचे तेवढे घेतले. न कसलेली जमीन म्हणजे पडीक जमीन, ही त्याची समजूत अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमिनी घेताना चांगलीच कामी आली, आणि कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस राहिलेल्या लॉकला त्या व्यवहाराची कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही.

प्रोटेस्टंट जगात कारभारीपणाला घराघरांत नेले ते मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने. प्रामाणिकपणे जितके मिळवता येईल तितके मिळवावे, जितके वाचवता येईल तितके वाचवावे आणि जितके देता येईल तितके द्यावे, हा त्याचा १७६० मध्ये छापलेल्या प्रवचनातील उपदेश. श्रोते पहिल्या दोन गोष्टी मनापासून करतात आणि तिसरीकडे काणाडोळा करतात, ही त्याची म्हातारपणातली तक्रार होती. १७७६ मध्ये चांदीच्या भांड्यांवरील करासाठी अबकारी खात्याने विचारणा केली तेव्हा त्याने कळवले, की लंडनला चांदीचे दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन. भोवती इतके लोक भाकरीला मोताद असताना आणखी घेण्याचा विचार नाही. पुढे अमेरिकेत चर्चला सरकारी आधार राहिला नाही, १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सनेही तो काढून घेतला. पाद्र्यांचे पगार आणि मिशनचा खर्च वर्गणीवर आला. तेव्हा कारभारीपणाचा उपदेश दशमांश आणि वार्षिक वचनचिठ्ठ्या यांच्याशी जोडला गेला, आणि हळूहळू त्याचा अर्थ चर्चला किती देता एवढ्यावर आक्रसला. दहावा भाग दिला की उरलेल्या नऊ भागांबद्दल कोणी काही विचारत नाही. दिल्याने देव दामदुपटीने परत करतो, असे सांगणारा समृद्धीचा संदेश ही या आक्रसण्याची पुढची पायरी आहे, आणि धर्मपित्यांच्या शिकवणीशी त्याचे नाते जुळवणे कठीण आहे.

औद्योगिक युगात कॅथलिक चर्चने हा प्रश्न नव्याने मांडला. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. मजूर वेतनातून पैसे मागे टाकून जमीन घेतो, तेव्हा ती जमीन म्हणजे वेगळ्या रूपातले त्याचे वेतनच. ते हिरावून घेणारा समाजवाद मजुराचेच नुकसान करतो, असा लिओ यांचा युक्तिवाद होता. त्याच वेळी पोटापुरते वेतन आणि संघटनेचा हक्क त्यांनी ठासून सांगितला. जमिनीच्या भाड्यावरच सगळा कर बसवावा असे म्हणणारे अमेरिकन लेखक हेन्री जॉर्ज यांनी पोपना लगेच प्रदीर्घ खुले पत्र लिहिले : श्रमाने केलेली वस्तू श्रमिकाची हे कबूल, पण जमीन कोणी केली? जॉर्ज यांची बाजू घेणारे न्यूयॉर्कचे फादर एडवर्ड मॅकग्लिन १८८७ मध्ये बहिष्कृत झाले होते. १८९२ मध्ये त्यांना परत घेतले गेले.

पुढच्या शतकात या शिकवणीचा तोल अक्वायनसकडे झुकत गेला. पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये मालमत्तेला वैयक्तिक आणि सामाजिक अशा दोन बाजू असल्याचे सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये पृथ्वीची संपत्ती सर्वांसाठी आहे, हे तत्त्व पायाशी ठेवले. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये पडीक ठेवलेल्या प्रचंड जमिनी सार्वजनिक हितासाठी काढून घेण्यास मान्यता दिली, जॉन पॉल दुसरे यांनी मालमत्तेवर समाजाचे गहाणखत असल्याची भाषा वापरली आणि फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये खासगी मालकी हा दुय्यम हक्क असल्याचे म्हटले. कागदावरच्या या शिकवणीला कारखान्यात उतरवणारा एक पाद्री स्पेनच्या बास्क प्रदेशात होता. होसे मारिया अरिझमेंदिअरिएता यांच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये मोंद्रागोन गावात कामगारांच्याच मालकीचा कारखाना काढला आणि त्यातून आजचा मोठा सहकारी उद्योगसमूह वाढला.

१९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले, की पर्यावरणाच्या संकटामागे पृथ्वीवर सत्ता चालवण्याची ख्रिस्ती कल्पना आहे. उत्तर म्हणून धर्मशास्त्रज्ञांनी कारभारीपण पुन्हा बाहेर काढले, या वेळी पैशाऐवजी नद्या, जंगले आणि हवेसाठी. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ मधील ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक याच वाटेवरचे. ऑर्थोडॉक्स विचारवंत जॉन झिझिऊलास यांना हे पुरेसे वाटले नाही. कारभारी शेवटी मालाकडे व्यवस्थापकाच्या नजरेने पाहतो; माणसाने सृष्टीचा पुरोहित व्हावे, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप रास्त आहे, पण पुरोहिताला हिशोब विचारण्याची सोय त्यात दिसत नाही.

भारतात या विचाराच्या खुणा अनपेक्षित जागी सापडतात. गोव्यात गावकरी ही गावाच्या समाईक जमिनीची संस्था पोर्तुगिजांच्या आधीपासून होती. पोर्तुगिजांनी १५२६ च्या सनदेत तिचे रिवाज लिहून काढले, आणि १५४० नंतर देवळे पाडून देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्च व ख्रिस्ती संस्थांकडे वळवले. सगळे देवाचे, हे तत्त्व तिथे कोणाच्या देवाचे या प्रश्नावर येऊन ठेपले. गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना जॉन रस्किन यांचे जे पुस्तक वाचले, त्याचे नाव येशूच्या द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यातून आलेले आहे. विश्वस्ताची कल्पना मात्र त्यांनी गीतेतील अपरिग्रह आणि इंग्रजी न्यायशास्त्राचे पुस्तक यांवरून घेतल्याचे आत्मकथेत सांगितले आहे. तिला थेट ख्रिस्ती म्हणणे बरोबर होणार नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बागायती जमिनी आणि पाणी बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून लढा दिला, आणि त्यात ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या जोडीने इतर समाजही उतरले.

चर्चची स्वतःची मालमत्ता हा महाराष्ट्रात आज सर्वांत नाजूक भाग आहे. परदेशी मिशनांनी मागे ठेवलेली कंपाउंडे, शाळा आणि दवाखाने विश्वस्त संस्थांकडे आले. शहरे वाढली तशी त्या जागांना सोन्याचा भाव आला आणि विक्रीचे, भाडेपट्ट्यांचे व विश्वस्तपदांचे वाद धर्मादाय आयुक्तांपुढे आणि न्यायालयांत गेले. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) हा कायदा देवळांप्रमाणे चर्चच्या न्यासांनाही लागू आहे. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. मंडळीने आपल्याच कारभाऱ्यांकडून जो हिशोब मागायचा, तो अनेक ठिकाणी आता सरकारी कार्यालय मागते. ही चर्चच्या स्वातंत्र्यावरची गदा आहे, असे काहींना वाटते. लाइसनिगच्या पेटीला चार कुलुपे होती, हे माहीत असलेल्याला तसे वाटण्याचे कारण नाही.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने परिपत्रके आणि सिद्धांतग्रंथ हाती घेण्याआधी लेवीयचा २५ वा अध्याय, नाबोथाची कथा सांगणारा ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा २१ वा आणि प्रेषितांच्या कृत्यांचे चौथा-पाचवा हे अध्याय ओळीने वाचावेत. तासाभराचे वाचन आहे, आणि पुढच्या बहुतेक वादांचे दोन्ही पक्ष तिथे एकमेकांशेजारी बसलेले सापडतात.